शत्रू नसलेले चित्र

रविवारच्या पुरवणीतील लेखात युद्धविरोधी कविता आणि चित्रे यांना सरसकट 'एका बाजूचा प्रचार' ठरवले आहे, ते पटले नाही. स्पेनमधील यादवी युद्धात गेर्निका गावावर २६ एप्रिल १९३७ रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्यानंतर चित्रकार पिकासोने रंगवलेल्या 'गेर्निका' या चित्रात विमान नाही, बॉम्ब नाही, शत्रूही नाही. आहे ती मेलेले मूल हातांवर घेऊन आक्रोश करणारी आई आणि खाली पडलेल्या सैनिकाच्या मुठीतली मोडकी तलवार, त्यामुळे राग काढायला कोणी सापडत नाही आणि मी तरी त्या आईपाशीच अडकून पडतो. (पिकासोची राजकीय बाजू उघड होती, हे मान्य.) युद्धविरोधी कविता लिहिणारा विल्फ्रेड ओवेन तर ब्रिटिश सैन्यातील अधिकारी, पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, तो आघाडीवर मारला गेला. त्याची कविता नेमक्या कोणत्या बाजूचा प्रचार करते, हे लेखकाने सांगायला हवे होते.