शोधविमानाआधी शोधपथक घडवा : आपत्ती व्यवस्थापन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : खान्देशात स्वयंसेवी हवाई शोधपथकांसाठी फ्लाइट सिम्युलेटरवरील (जमिनीवर बसून संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचा सराव देणाऱ्या संचावरील) प्रशिक्षण सुरू करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

१६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी परिसरात, सातपुड्याच्या रानात, एक प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला आणि गंभीर जखमी झालेल्या शिकाऊ वैमानिक मुलीला आदिवासी बांधवांनी कापडाची झोळी करून, चिखलातून आणि झाडीतून वाट काढत खाली आणले. त्यांचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मात्र हे विमान माणसांच्या वावराच्या टापूत पडले होते. तेच आणखी चार दऱ्या आत, जिथे पावसाळ्यात गुराखीही जात नाहीत अशा ठिकाणी पडले असते, तर त्याचा शोध कोणी, कोठून आणि कोणत्या पद्धतीने सुरू केला असता, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. तो आज आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जळगाव, धुळ्याजवळील गोंदूर आणि शिरपूर या तिन्ही धावपट्ट्यांवर आज वैमानिक प्रशिक्षण चालते. एवढ्या लहान प्रदेशात उड्डाण शिकवणारे आणि शिकणारे इतके लोक एकत्र असणे ही खान्देशाची मोठी जमेची बाजू आहे. दुसरीकडे, ज्यासाठी आकाशातून शोध घ्यावा लागेल असे प्रसंगही आपल्याकडे कमी नाहीत. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषा येथे नर्मदेच्या पात्रात बोट उलटली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव वेढले गेले आणि त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा वेळी कोणता पाडा तुटला, कोणता पूल शाबूत आहे आणि कोणत्या छपरावर माणसे अडकली आहेत, ही माहिती तासाभरात वरून मिळणे आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याने मिळणे यातील अंतर आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. आपण स्वतः याच मातीतले आहात.

काही देशांनी हे काम स्वयंसेवकांवर सोपवून यशस्वी करून दाखवले आहे. अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झालेली सिव्हिल एअर पेट्रोल ही संघटना १९४८ पासून तेथील हवाई दलाची अधिकृत सहायक संघटना आहे आणि त्या देशाच्या मुख्य भूभागावरील हवाई शोधमोहिमांचा फार मोठा भाग तिचे स्वयंसेवक सेसना जातीच्या लहान, एकइंजिनी विमानांतून पार पाडतात. कॅनडामध्ये १९८६ पासून कासारा ही स्वयंसेवी संघटना तेथील सैन्यदलाच्या बरोबरीने शोधकार्य करते. आपल्याकडे अशी रचना नाही. नागरी विमानांच्या शोध व बचावाची जबाबदारी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असून त्याच्या मुंबईसह चार महानगरांतील समन्वय केंद्रांतून ती पार पाडली जाते. प्रत्यक्ष उड्डाणासाठी हवाई दल, तटरक्षक दल किंवा लष्कर यांच्यावर विसंबावे लागते.

येथे कोणी म्हणेल, मग सरकारने खान्देशासाठी एक विमान घ्यावे. माझी मागणी ती नाही. किंबहुना पहिल्याच वर्षी विमान घेतले जाऊ नये, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. विमान आले की त्याचे उद्घाटन होते, हँगर लागतो, देखभालीचा ठेका निघतो आणि आत बसणारी माणसे मात्र एकमेकांना प्रथम आपत्तीच्या दिवशीच भेटतात. शोधमोहीम फसते ती बहुतेक वेळा विमान कमी पडल्यामुळे फसत नाही, पथकाच्या पद्धतीत चूक झाल्यामुळे फसते. ती पद्धत शिकण्यासाठी एक खोली, तीन-चार चांगले संगणक, मोठे पडदे, सुकाणू आणि पेडल यांचा साधा संच व हेडफोन एवढ्या साहित्याचा सिम्युलेटर पुरेसा आहे. एका सरकारी चारचाकीच्या किमतीपेक्षा कमी खर्चात हे उभे राहू शकते.

हवाई शोधपथकात साधारणपणे तिघे असतात. वैमानिक फक्त विमान उडवतो. त्याने खाली शोधत बसू नये, हा या कामातील पहिला दंडक आहे, कारण खाली पाहण्यात गुंतलेला वैमानिक डोंगराच्या अंगावर जातो. शेजारचा निरीक्षक नकाशा, मार्ग, रेडिओ आणि नोंदवही सांभाळतो. मागच्या आसनावरील टेहळ्या खिडकीतून जमीन न्याहाळतो आणि काही दिसताच घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगतो : ‘डावीकडे, नऊ वाजता, नाल्याच्या काठी, पांढरे काहीतरी’. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु ९० नॉट म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात ४६ मीटर पुढे सरकते. टेहळ्या वाक्य जुळवेपर्यंत ती जागा पंखाखालून मागे गेलेली असते. त्या क्षणी निरीक्षकाने जीपीएसवर खूण करायची, वैमानिकाने वेग न घालवता वळण घ्यायचे, टेहळ्याने त्या जागेवरून नजर हलू द्यायची नाही आणि तिघांनीही एकाच वेळी बोलायचे नाही. हा मेळ पुस्तकातून येत नाही. तो सरावाने येतो, आणि खऱ्या विमानात असा सराव पुरेसा देणे स्वयंसेवकांच्या किंवा सरकारच्या खिशाला परवडणारे नाही.

क्षेत्र कसे विंचरायचे हेही असेच शिकावे लागते. दहा किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा सपाट टापू एक-एक किलोमीटरच्या अंतराने समांतर रेषांत तपासायचा झाला, तर शंभर किलोमीटर उड्डाण होते. वरील वेगाने त्याला वळणे सोडून सुमारे ३६ मिनिटे लागतात. झाडी दाट असेल तर अंतर निम्मे करावे लागते आणि वेळ दुप्पट होतो. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात जमीन जवळपास दिसतच नाही. सातपुड्यातील सागाचे रान मे महिन्यात उघडेबोडके असते आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी हिरवे छत तयार होते. म्हणजे रेषांमधील अंतर ऋतूप्रमाणे ठरवायला हवे, आणि ते ठरवण्याचा अधिकार ज्याने दोन्ही ऋतूंत ते रान पाहिले आहे अशा माणसाच्या हाती असायला हवा. शहरातून आलेला निष्णात वैमानिक पाड्यांवरील चकाकणारे पत्रे, शेततळ्यांचा प्लास्टिक कागद आणि निळ्या ताडपत्र्या पाहून दहा वेळा फसेल. वर्डी-वैजापूरकडचा किंवा तोरणमाळचा तरुण फसणार नाही. म्हणून मागच्या आसनावर स्थानिक भिल, पावरा, तडवी तरुण-तरुणी बसवाव्यात, असा माझा आग्रह आहे. खाली पोहोचलेल्या गावकऱ्यांशी मोबाइलवर किंवा वायरलेसवर त्यांच्याच बोलीत बोलणारे कोणी विमानात असेल, तर निम्मा गोंधळ तेथेच मिटेल.

डोंगरात ही समांतर रेषांची पद्धत चालत नाही. तेथे शिखरापासून सुरुवात करून उतारालगत फेऱ्या घालत टप्प्याटप्प्याने खाली यायचे असते. दरीच्या तोंडातून आत शिरून चढत जायचे नसते. यामागचा हिशेब साधा आहे. ९० नॉट वेगाने, ३० अंश कलून वळण घेतल्यास वळणाची त्रिज्या सुमारे ३८० मीटर होते, म्हणजे मागे फिरायला पाऊण किलोमीटरहून अधिक रुंद जागा लागते. अक्राणीतील, म्हणजे धडगाव तालुक्यातील, कित्येक दऱ्या आत जाता जाता यापेक्षा अरुंद होतात. त्यात आपला उन्हाळा. पारा ४५ अंशांवर असताना जळगावच्या धावपट्टीवरील हवा इतकी विरळ होते की विमान आणि इंजिन दोन्ही साडेचार हजार फूट उंचीवर असल्यासारखे वागू लागतात; चढण्याची ताकद घटते आणि दरी मात्र तेवढीच उभी राहते. सिम्युलेटरमध्ये तापमान ४५ अंश ठेवता येते, ढग पहिल्या डोंगररांगेवर टेकवता येतात, आणि पथकाला त्या अरुंद दरीत चूक करू देता येते. ती चूक खोलीत झाली की कोणाच्या घरी निरोप पाठवावा लागत नाही. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात प्रवरा नदीत शोधकार्य सुरू असताना धुळ्याहून गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून तीन जवान गेले. बचाव करणाऱ्यांनाच गमावण्याचे दुःख आपल्या विभागाने सोसलेले असल्यामुळे या मुद्द्यावर अधिक लिहीत नाही.

सिम्युलेटरच्या मर्यादाही मी येथेच नोंदवतो, कारण विक्रेते त्या सांगणार नाहीत. पडद्यावर टेहळणीची नजर तयार होत नाही. बाजारातील सिम्युलेटरमध्ये डोंगरांचे उठाव बऱ्यापैकी खरे असतात, कारण उंचीची उपग्रही माहिती खुली आहे; पण झाडे आणि घरे बहुतांशी संगणकाने अंदाजाने पेरलेली असतात, त्यामुळे पाडे असतील तेथे दिसत नाहीत आणि नसतील तेथे दिसतात. वाऱ्याचे धक्के, पोटातील मळमळ, दोन तास एकटक पाहिल्यावर येणारी गुंगी यांपैकी काहीही खुर्चीत बसून कळत नाही. त्यामुळे नजरेचा सराव तोरणमाळच्या कड्यावरून, पालच्या डोंगरावरून आणि शेवटी प्रत्यक्ष उड्डाणातच व्हायला हवा. सिम्युलेटरने द्यायचे आहे ते एवढेच : आपसांतील संवाद, कामाची वाटणी, नकाशावरील चौकटी, रेडिओवरील शिस्त आणि ‘आता पुरे, परत फिरू’ हा निर्णय वेळेवर घेण्याची सवय. या मर्यादित कामासाठी हलणारी, कोट्यवधींची यंत्रे घेण्याचे कारण नाही. वैमानिकांच्या परवान्यात सिम्युलेटरचे तास धरले जातात त्यासाठी मान्यताप्राप्त यंत्र लागते, हे मला ठाऊक आहे. परंतु येथे कोणाच्याही परवान्यात तास भरायचे नाहीत.

ड्रोन असताना हे कशाला, असाही आक्षेप येईल. ड्रोन उपयोगी आहेत आणि पथकात ते असावेतच. तथापि सर्वसाधारण परवानगीत ते १२० मीटर उंचीपर्यंतच उडवता येतात, बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात संपते आणि उडवणाऱ्याला जागेच्या जवळ जावे लागते. शंभर चौरस किलोमीटरमधून दोन चौरस किलोमीटर निवडायचे काम विमानाचे आणि त्या दोनमधून माणूस शोधायचे काम ड्रोनचे, अशी वाटणी व्यवहार्य आहे. हेलिकॉप्टर उचलून आणण्यासाठी हवे. त्याचे मोलाचे इंधन शोधण्यात घालवणे शहाणपणाचे नाही.

माझ्या मते ही खोली धुळ्यात असावी. मी चोपड्याचा असल्याने जळगावचे नाव घेईन अशी अपेक्षा आमच्याकडील मंडळी करतील. परंतु राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे, गोंदूरची धावपट्टी शहरालगत आहे आणि नंदुरबार व जळगाव दोन्हीकडून तेथे पोहोचता येते. प्रशिक्षणासाठी तिन्ही धावपट्ट्यांवरील प्रशिक्षक आणि निवृत्त वायुसैनिक यांना मानधन द्यावे. ‘आपदा मित्र’ या सरकारी योजनेत आपत्ती स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांतून टेहळे निवडावेत. महत्त्वाची गोष्ट अशी की, जमिनीवरील तुकडीचा प्रमुख आणि तहसील कार्यालयातील आपत्ती कक्षाचा कर्मचारीसुद्धा त्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर, वायरलेस हाती घेऊन सरावाला बसला पाहिजे. विमानातून आलेला अक्षांश-रेखांश कागदावर उतरवताना झालेली एका आकड्याची चूक सगळे उड्डाण वाया घालवते, आणि आपल्या कार्यालयांत अक्षांश-रेखांश अंश-मिनिटांत येतात की दशांशांत, याबाबत आजही एकवाक्यता नाही.

एक भीती मी लपवत नाही. अशी खोली झाली की ती शाळांच्या सहली आणि पाहुण्यांच्या भेटी यांसाठी वापरली जाऊ लागते आणि वर्षभरात पेडल तुटते. तसे होऊ नये म्हणून दरमहा किती पथकांनी किती सराव केला याचा तक्ता जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकीत ठेवण्याचे बंधन शासन निर्णयातच घालावे.

या सर्वांच्या आधी कागदावरचे एक काम आपल्याच स्तरावर व्हायला हवे. स्वयंसेवकांचे कायदेशीर स्थान काय, त्यांचा विमा कोण उतरवणार, प्रशिक्षण संस्थांचे विमान आणीबाणीत वापरण्याची परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून कोणत्या अटींवर मिळेल आणि मुंबईच्या समन्वय केंद्राने पथकाला कोणत्या मार्गाने पाचारण करायचे, हे चार मुद्दे केंद्राशी पत्रव्यवहार केल्याशिवाय सुटणार नाहीत. हा पत्रव्यवहार आपल्या विभागाने येत्या दिवाळीपूर्वी सुरू करावा आणि दरम्यान सिम्युलेटरवरील पहिला वर्ग, ज्याला यांपैकी कोणत्याही परवानगीची गरज नाही, उन्हाळ्याआधी भरवावा, अशी विनंती आहे. सरावासाठी सातपुड्याच्या नकाशाच्या चौकटी आखून देण्याचे काम मी आणि माझे काही माजी विद्यार्थी विनामोबदला करू. त्यासाठी बोलावणे आल्यास धुळ्याला येण्याची आमची तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक व स्वयंसेवक,
चोपडा, जि. जळगाव

प्रत माहितीसाठी : जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार.