बंद पडलेला लाल दिवा

नागपूर, रविवार

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा जन्मदाखला शोधण्यासाठी लोखंडी कपाटातली खाकी फाईल काढली, तर दाखल्याच्या आधी पिवळ्या पुठ्ठ्याचे एक कार्ड हाती लागले. त्यावर मोटारीचे चित्र आहे, 'वाहन चालक परवाना' अशी लाल छपाई आहे आणि तिच्याखालच्या रेघेवर स्केचपेनने कोणीतरी घाईघाईत तुझे नाव लिहिले आहे. लर्निंग लायसन्सचा अर्ज भरायचा आहे, कागद पाठवा, असे तू परवा फोनवर म्हणालीस. कागद पाठवतोच आहे. पण तुझ्या या पहिल्या लायसन्सच्या दिवसाबद्दल तुझ्याशी बोलायचे बारा वर्षांपासून राहून गेले आहे, आणि ते फोनवर मला नीट जमणार नाही.

तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. उन्हाळ्याच्या सुटीत शहराबाहेरच्या एका पार्कात आपण गेलो होतो. नागपूरचा मे महिना, त्यामुळे संध्याकाळचे पाच वाजून गेले तरी कठड्याच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. तुझी आई आणि आजी उसाच्या रसाच्या गाडीपाशी सावलीला बसल्या होत्या आणि मी रुमाल घडी करून कठड्यावर ठेवून, त्यावर कोपरे टेकून उभा होतो. आत वळणावळणाचा डांबरी रस्ता, दोन ठिकाणी झेब्रा पट्टे, एक लुटुपुटीचा पेट्रोल पंप, एक बुटका पूल, आणि पुलाच्या अलीकडे तो सिग्नल. मोटारी बॅटरीवरच्या होत्या. पायाखाली पेडल एकच, दाबले की गाडी चालते आणि पाय उचलला की थांबते. तुला निळी गाडी मिळाली. पट्टा बांधून घेताना तू इतकी गंभीर झालीस की मी हाक मारली तरी मान वळवली नाहीस.

त्या रस्त्याच्या मधोमध एक लोखंडी पट्टी होती, ती तुला आठवते का? गाडीच्या पोटाखालचा दांडा त्या पट्टीला धरून चालत असे. स्टिअरिंग फिरवले की गाडी वीतभर इकडेतिकडे सरके आणि मग पट्टी तिला मुकाट्याने मध्यावर आणी. ही युक्ती बरीच जुनी आहे. कॅलिफोर्नियात 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा 'ऑटोपिया' हा मोटारींचा खेळ तिथे पहिल्या दिवसापासून होता. सुरुवातीला त्या रस्त्यावर मधली पट्टी नव्हती. स्टिअरिंग हातात आल्यावर मुलांनी एकमेकांच्या गाड्यांना धडका देण्याचाच खेळ मांडला, गाड्यांची मोडतोड झाली, आणि काही वर्षांनी रस्त्याच्या मध्यातून पट्टी टाकावी लागली. आपल्या जत्रेतल्या डॅशिंग कारमध्ये जे पैसे देऊन करायचे असते, तेच त्या मुलांनी आपल्या मनाने केले, एवढेच. मात्र पट्टी आली की मागच्याला पुढे निघून जाण्याची सोय उरत नाही. पुढची गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबतात. त्या संध्याकाळी जे घडले ते यामुळेच.

पहिल्या फेरीत सिग्नल हिरवा होता. दुसऱ्या फेरीत तू पुलाकडे येत असताना तो लाल झाला आणि तू पाय उचललास. गाडी पांढऱ्या रेघेच्या बरोबर अलीकडे थांबली. मला गंमत वाटली, कौतुकही वाटले. दिवा मात्र लालच राहिला. तुझ्यामागे एक, मग दोन, मग पाच गाड्या येऊन उभ्या राहिल्या, सगळ्यात जवळच्या मुलाने तुझ्या गाडीला मागून दोन धक्के दिले, आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्या आईबापांचा गलका सुरू झाला. तिकीट पाच मिनिटांचे होते. गाड्यांवर देखरेख करणारा पोरगा पलीकडून ओरडला, "ते लाइट बिघडून आहे ना भाऊ, काहून थांबून राहिली पोट्टी?" म्हणजे तो दिवा हिरवा होणारच नव्हता. तू दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसली होतीस. मानेवर घामाने केस चिकटले होते, आणि मागचा सगळा गोंधळ ऐकू येत असूनही तुझी नजर त्या दिव्यावरून हलत नव्हती.

मग तू माझ्याकडे पाहिलेस.

मी काय केले ते तुला आठवत असेल किंवा नसेल, मला लख्ख आठवते. मी हात हलवून ओरडलो, "अगं चल ना, पाय दाब, वेळ संपून राहिला!" तू पाय दाबलास. गाडी रेघ ओलांडून पुढे गेली, मागच्या सगळ्या सुटल्या, आणि माझ्या शेजारचा माणूस "सुटले एकदाचे" म्हणून हसला. मीही हसलो.

बाहेर आल्यावर ते पिवळे कार्ड तू हातात घेतले नाहीस, म्हणून ते माझ्या खिशात आले. रसाचा ग्लास तसाच धरून तू विचारलेस, "बाबा, लाल होता ना?" मी म्हणालो, तो खोटा सिग्नल होता. मग तू विचारलेस, झेब्रा पट्टेसुद्धा खोटे का? मी म्हणालो, हो, तेही खोटेच. आणि कमरेचा पट्टा? तो खरा, मी म्हणालो. त्यावर तू बराच वेळ काही बोलली नाहीस. त्यातले कोणते खरे आणि कोणते खोटे हे ठरवायचे कसे, एवढेच तुला हवे होते. आणि तसा कोणताही नियम माझ्यापाशी नव्हता, कारण पाच मिनिटांच्या तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत आणि शेजारच्यांसमोर शोभा होऊ नये, एवढ्यावरच माझे उत्तर बेतलेले होते.

पुढे कधीतरी मी वाचले की डेन्मार्कमध्ये बिलुंड येथे 1968 साली जे लेगोलँड सुरू झाले, तिथल्या मुलांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाड्या पट्टीवर चालत नाहीत. मुलांना आधी नियम समजावून सांगतात, मग स्टिअरिंग पूर्णपणे त्यांच्या हाती देतात, आणि तिथला लाल दिवा हा त्या रस्त्यापुरता खराच लाल दिवा असतो. शेवटी तिथेही लायसन्सच देतात. हे वाचले तेव्हा मला आपल्या त्या निळ्या गाडीची आठवण झाली आणि जरा ओशाळलो. खेळण्यातला म्हणून सिग्नल खोटा नव्हता, तो बंद पडला होता. या दोन गोष्टींत फरक आहे. खऱ्या चौकातला सिग्नल बंद पडला आणि पोलिसाने हात दाखवला, तर दिव्यापेक्षा हात मोठा, असे कायदाच सांगतो. तू दिव्याकडून माझ्या हाताकडे वळलीस ते बरोबरच होते. हात दाखवणाराच बेजबाबदार होता. दिवा बिघडला आहे, तू थांबलीस हे योग्य केलेस, आता दोन्ही बाजूंना पाहून हळू पुढे ये, इतके सांगायला अर्धे मिनिट लागले असते.

त्यानंतरच्या रविवारी मी तुला धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये नेले होते, ते त्या अपराधी भावनेपोटीच. तिथे आपण प्रत्येक पाटीपुढे उभे राहिलो. गोल पाटी म्हणजे आज्ञा, त्रिकोणी म्हणजे सावधगिरी, चौकोनी म्हणजे माहिती, आणि 'थांबा'ची पाटी तेवढी आठ कोनांची, हे तू बोटे मोजत पाठ केलेस. पण तिथेही त्या दिव्याचा विषय मी काढला नाही. पाट्या शिकवणे सोपे होते.

मग कितीतरी वर्षे शंकरनगर चौकात, लॉ कॉलेज चौकात मागच्या सीटवरून तुझा आवाज येत असे, "बाबा, लाल." एकदा आपण रात्री साडेअकराला लग्नाहून परतत होतो. चौकात चिटपाखरू नव्हते, तू झोपली आहेस असे समजून मी गाडी पुढे काढली, आणि आजीच्या मांडीवरून तेच दोन शब्द ऐकू आले. आजी नंतर आठवडाभर मला त्यावरून चिडवत होती.

दोन वर्षांपूर्वी ट्यूशनला जाण्यासाठी तू ॲक्टिव्हा मागितलीस आणि वर्गातल्या निम्म्या मुली आपली आपली गाडी घेऊन येतात असे सांगितलेस, तेव्हा मी कायद्याचे पुस्तकच काढून बसलो होतो. सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचेच लायसन्स मिळते, आणि 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सगळे मी तुला ऐकवले. त्यातले अक्षर न् अक्षर खरे होते. मात्र तू थांबशील की नाही ही चिंता मला कधीच नव्हती. तू लाल दिव्यापाशी थांबलीस तर मागून येणारा थांबेल की नाही, याची मला भीती वाटत होती, आणि तीन सेकंद उरले असताना मागे वाजणारे हॉर्न ऐकले की अजूनही वाटते. त्या निळ्या गाडीला बसलेले दोन धक्के रबरी बंपरवर बसले होते.

आता अर्जाचे. पत्त्याचा पुरावा आणि दाखला या पत्रासोबत आहेत. लर्निंग लायसन्स सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, तेव्हा दिवाळीच्या सुटीचा हिशेब धरून अर्ज कर. गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावावा लागेल, तो मी तयार करून ठेवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्स असलेला माणूस बसावा लागतो, तिथे मी बसेन. पहाटे पाचला फुटाळा तलावाच्या बाजूने निघू, रस्ता मोकळा असतो. सिग्नलपाशी किती वेळ थांबायचे ते तू ठरव, मी हात हलवणार नाही.

पिवळे कार्ड सोबत पाठवत नाही, फाईलमध्येच ठेवले आहे. तू आलीस की बघ. येताना आधार कार्ड विसरू नकोस.

तुझा,
बाबा