विसण

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, ओजस मोठ्या गटात गेलाय आता. त्याला सगळं कळतं, सांगितलं की ऐकतो." मी तेव्हा काही बोलले नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहितेय.

तुझ्या डाव्या पोटरीवरचा डाग. लहानपणी कुणी विचारलं की तू सांगायचीस, "मी मस्ती करत होते ना, म्हणून भाजलं." ते तुला आम्हीच पढवलं होतं, आणि ते खरं नव्हतं. तू साडेचार वर्षांची होतीस. बंबातलं कढत पाणी मी बादलीत काढलं आणि विसण, म्हणजे त्यात मिसळायचं गार पाणी, आणायला पिंपाकडे वळले. चार पावलांचं अंतर. तू रोजच्यासारखी फ्रॉक काढून आलीस आणि बादलीत पाय घातलास. मस्ती कसली, मीच तुला आंघोळीला हाक मारली होती गं.

वर मी त्यावर टूथपेस्ट थापली. शेजारच्या काकूंनी मायेनेच आणून दिली होती. दवाखान्यात ती पुसून काढताना तू माझा पदर दातांत धरला होतास. तेव्हा पाय सरळ नळाखाली धरायला हवा होता, चांगली २० मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, तूप नाही, नुसतं नळाचं पाणी. मग स्वच्छ कापड सैलसं गुंडाळायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही. १०८ नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

त्या दिवसापासून मी बादलीत आधी गार पाणी घेते, मग त्यात गरम. पोर मध्येच आलं तरी बादलीत गारच पाणी असतं. तुमच्याकडे बंब नाही, पण गीझर आहे. ६० अंशांचं पाणी लहान मुलाची कातडी पाच सेकंदांच्या आतच खोलवर भाजतं. ५० च्या खाली आणलं तर तेवढं भाजायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात पोराला उचलता येतं. गीझरची खुंटी आजच खाली कर. पाणी सारखं करून आपलं कोपर बुडवून बघ, मगच त्याला हाक मार.

ओजसला कळतं, हे मला मान्य आहे. "गरम पाण्याला हात लावायचा नाही" हे तो घडाघडा म्हणून दाखवेल. पण बॉल बाथरूममध्ये गेला की त्याला फक्त बॉल दिसतो. त्या वयात तसंच असतं, त्यात त्याचा दोष नाही. तेव्हा त्याला बजावत बसू नकोस, बादली हलव. चहाचे कप टीपॉयच्या कडेला नकोत, आणि तो टेबलक्लॉथ तर काढूनच टाक, एका हिसक्यात सगळं अंगावर येतं.

दिवाळीला मी येतेय. पहिल्या आंघोळीचं पाणी मी काढणार. त्या पहाटे सगळे अर्धवट झोपेत असतात आणि तेलाने पाय सटकतात. उटणं इथूनच आणते. तोवर बाथरूमच्या दाराला बाहेरून एक कडी बसवून घे, त्याचा हात पोचणार नाही इतकी वर.

तुझी,
आई