विजय दिवस फक्त सैनिकांचाच का?

मा. संपादक,
आमच्या सोसायटीतले एक आजोबा १९७१ च्या युद्धात खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत कामाला होते, ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम, पण सैनिक नाही म्हटल्यावर १६ डिसेंबरला यांना कोण विचारतंय? म्हणून यंदा ओळखीतून एक जुनी जोंगा, म्हणजे लष्कराची जीपसारखी गाडी, मिळवली, जबलपूरला बनायची तीच. पायरी एवढी उंच की प्लास्टिकचं स्टूल लावून चढवलं, नातू बाजूला घट्ट धरून बसला आणि आजोबा रस्ताभर ड्रायव्हरलाच गिअर कसा टाकायचा ते शिकवत होते! खडकी बाजारातून एक राउंड, बास. लिलावात घेतलेल्या अशा गाड्या असणाऱ्यांनी नुसत्या वरातीत मिरवण्यापेक्षा वर्षातून एक दिवस द्यावा की राव. फक्त आधी डॉक्टरांना विचारा, ब्रेकही बघून घ्या.
– एक वाचक, पुणे