गाणं झालं रेकॉर्ड, मनापासून आभार!

प्रभूची स्तुती असो! गर्भातल्या बाळासाठीचं आमचं गाणं शेवटी रेकॉर्ड झालं आणि ते माझ्या एकट्याचं मुळीच नाही म्हणून हे लिहितोय, नावं कुणाचीच टाकत नाही कारण तुम्हीच नको म्हणालात.

सुरुवात स्तोत्र १३९ मधल्या १३ व्या ओवीपासून झाली, आईच्या पोटात देवच माणसाला घडवतो हे तिथं दावीद सांगतो. धृपद एका रात्रीत जमलं पण गर्भपातावरचा दुसरा अंतरा मी फार कडक लिहिला होता, तो वाचून आपल्या मंडळीतल्या नर्सताई म्हणाल्या, "भाऊ, या पोरींना घरचेच घेऊन येतात, त्यांनाच दोष देऊ नका." ताई, तुमच्यामुळे तो अंतरा पूर्ण बदलला, आता त्यात आईसाठी पण प्रार्थना आहे. १९७१ चा कायदा गर्भपाताला काही अटींवर परवानगी देतो, १९९४ च्या कायद्याने लिंगनिदानाला बंदी आली तरी मुलगी नको म्हणून गर्भ पाडणारे आहेतच, मला दोन्हीचं दुःख वाटतं आणि ते गाण्यात आलंय.

ढोलकीवाल्या दादांनी एक रुपया घेतला नाही. काळी चारच्या उंच पट्टीत माझा आवाज फाटत होता, पेटीवरच्या काकांनी पट्टी उतरवून दिली. आणि स्टुडिओच्या खालच्या पिठाच्या गिरणीवाल्या मावशी, तुम्ही आमच्या टेकसाठी वीस मिनिटं गिरणी बंद ठेवलीत, गिऱ्हाईक डबे घेऊन उभं होतं तरी! देव तुमचं भलं करो मावशी, पेनड्राइव्ह घेऊन रविवारी येतोच.