काका, तुम्ही आकडा सांगितला नाहीत

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

काल इंजिनाचं रॉकर कव्हर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांवरचं झाकण, उघडलं. नवे पुशरॉड, म्हणजे कॅमची उचल वर रॉकरपर्यंत नेणारे दांडे, बसवल्याला आता पाच हजार किलोमीटर झालेत. सगळ्या बाराच्या बारा व्हॉल्व्हच्या टोकांवर रोलर फिरल्याची चकचकीत पट्टी आहे, जेमतेम दीड मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ मधोमध. ती बघितली आणि कव्हर परत लावायच्या आधी वही घेऊन बसले. त्या पुशरॉडची लांबी मोजून काढायला शिकवलीत, त्याचे आभार तोंडी मानले होते, पण ते घाईत. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण घरी इंजिन उघडणाऱ्या कुणाच्याही वाट्याला तुमच्यासारखं माणूस येईलच असं नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझं एकदा सगळं करून झालेलं होतं आणि फसलंही होतं. बाबांच्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन मी मोठ्या हौसेनं बांधलं. हेड घासून घेतलं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट नव्यानं ग्राइंड केला, व्हॉल्व्ह ज्यावर टेकतात त्या सीट कापून घेतल्या, टोकाला रोलर असलेले रॉकर लावले. पुशरॉड सरळ होते, टोकं झिजली नव्हती, म्हणून धुऊन पुसून तेच परत घातले. आठ हजार किलोमीटरनंतर सकाळी चालू करताना निळा धूर यायला लागला. तुम्ही एक व्हॉल्व्ह हातात घेतलात, टोक उजेडाकडे धरलंत आणि रोलरची खूण दाखवलीत. तीन मिलिमीटरहून रुंद, एका कडेला सरकलेली. मग तोच व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे त्याचा दांडा सरकतो त्या नळीत, घालून आडवा हलवायला सांगितलंत. केवढा हलत होता! रॉकर त्याला नुसता खाली दाबत नव्हता, प्रत्येक वेळी बाजूलाही ढकलत होता. त्या ढकलण्यानंच गाइड खाल्लं होतं.

मी लगेच विचारलं, "मग किती लांबीचे घालू?" चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला अंदाज नसेल असं मला आजही वाटत नाही. तुम्ही म्हणालात, "आधी कागदावर मांड."

मांडलं. हेड 0.5 मिलिमीटर घासलं, म्हणजे रॉकर कॅमच्या तेवढे जवळ आले आणि पुशरॉड तेवढा आखूड हवा. कॅम ग्राइंड करताना लोबच्या गोल बाजूची (जिथे व्हॉल्व्ह मिटलेला असतो) त्रिज्या 0.8 नं कमी झाली, कॅम आणि पुशरॉडच्या मधला टॅपेट तेवढा खाली बसला, तेवढा लांब हवा. सीट खोल गेल्यामुळे व्हॉल्व्हची टोकं 0.4 नं वर आली, रॉकरलाही तेवढंच वर जावं लागणार, म्हणजे आणखी लांब. एकूण 0.7 जास्त. मला वाटलं, सुटलं गणित. तुम्ही विचारलंत, "आणि रॉकर बदललेस ते?" नव्या रॉकरची पुशरॉडची खोबण किती खोल आणि रोलर किती खाली, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. तेव्हा कळलं की हे मोजल्याशिवाय कळायचं नाही.

पुढच्या चार संध्याकाळी मी विसरणार नाही. हेड मी गॅस्केटशिवायच बसवायला निघाले होते. तुम्ही हात धरलात. दाबली गेलेली जुनी गॅस्केट घालून बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळायला लावलेत, नाहीतर माझं माप तिथेच मिलिमीटरभर चुकलं असतं. हायड्रॉलिक टॅपेट दाबाखाली बसतो आणि माप खोटं देतो, म्हणून एका जुन्या टॅपेटच्या पोटात वॉशर भरून त्याचा प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, वरच्या टोकाला पक्का केलात. व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंग काढून बोटानं दबतील अशा हलक्या स्प्रिंग घातल्यात. स्पार्क प्लग काढले, म्हणजे क्रँक हातानं सावकाश फिरेल.

मग तो लांबी बदलता येणारा पुशरॉड. इंचाला 20 आटे, म्हणजे एक पूर्ण फेरा 0.050 इंच, 1.27 मिलिमीटर. व्हॉल्व्हच्या टोकाला निळ्या मार्करची शाई लावायची, टॅपेट लोबच्या गोल बाजूवर असताना रॉकरचा नट मोकळीक जेमतेम संपेपर्यंत आवळायचा, क्रँकचे दोन पूर्ण फेरे म्हणजे कॅमचा एक फेरा द्यायचा आणि रॉकर काढून शाई कुठे पुसली ते बघायचं. पाव फेरा लांबी वाढवायची, नट पुन्हा जुळवायचा, परत शाई. मी सारखी पट्टी मधोमध आणायच्या मागे होते. तुम्ही म्हणालात, "मध्य नंतर बघ, आधी पट्टी बारीक कर." ह्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. पट्टीची रुंदी म्हणजे रोलर टोकावर किती घसरतो त्याचं माप. ती सगळ्यात बारीक तेव्हाच होते जेव्हा निम्म्या लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना, रॉकरच्या मध्यापासून रोलरच्या मध्यापर्यंतची रेषा व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात येते. मग रोलर जातानाही थोडाच सरकतो आणि येतानाही. पुढे डायल गेज लावून, 10 मिलिमीटर लिफ्टच्या निम्म्यावर, 5 वर थांबवून, तो काटकोन तुम्ही गुनियानं दाखवलात. तेव्हा शाईची खूण मला खऱ्या अर्थानं वाचता आली.

एकाच व्हॉल्व्हवर भागवू दिलं नाहीत, ह्याचा त्या रात्री मला थोडा राग आला होता, आज तो मागे घेते. बाराही मोजले म्हणून दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हची टोकं इतरांपेक्षा 0.3 नं वर असल्याचं सापडलं. त्या दोघांसाठी वेगळ्या लांबीचे पुशरॉड मागवू म्हटलं, तर तुम्ही ठाम नाही म्हणालात. पुढे कुणी इंजिन उघडलं की त्यांची अदलाबदल होणारच. व्हॉल्व्हच्या दांड्यांची टोकं घासून सगळी एका उंचीला आणली, तीही टोकाचा कडक थर जाणार नाही इतपतच.

शेवटचं माप तुमच्या 300 मिलिमीटरच्या व्हर्नियरवर घेतलं, माझा 150 चा पुरत नव्हता. आधी जबडे मिटवून शून्य तपासायचं, मग जुना पुशरॉड आणि मोजणीचा पुशरॉड दोन्ही त्याच व्हर्नियरनं मोजायचे. टोकाला तेलाचं भोक असलं की गोळ्याचा माथा कापला जातो आणि एकाच पुशरॉडच्या दोन लांब्या सांगितल्या जातात, म्हणून भोकाचा व्यासही मागणीत लिहायला लावलात. फरक निघाला 1.75. त्यात टॅपेटचा प्रीलोड, म्हणजे प्लंजर बसवतानाच जेवढा दाबून ठेवायचा तेवढं अंतर, साधारण 0.8 मिळवून जुन्यापेक्षा 2.54 जास्त, बरोबर 0.100 इंच. मिळतातही ते 0.050 इंचाच्या टप्प्यानं. माझ्या कागदावरच्या 0.7 वर विसंबले असते तर तेच गाइड पुन्हा खाल्लं गेलं असतं.

आकडा मला निघाला तेव्हा तुम्ही खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढलीत. त्यावर पहिल्याच दिवशी तुम्ही लिहून ठेवलं होतं: "अडीचच्या आसपास." ती चिठ्ठी मी वहीत चिकटवलीय. चारही संध्याकाळी ती तुमच्या खिशात होती आणि तुम्ही माझ्या शेजारी स्टुलावर बसून शाई वाळायची वाट बघत होतात. काका, त्या बसण्याबद्दल मनापासून आभार.

व्हर्नियर रविवारी घेऊन येते, तेलाचा हात देऊन फडक्यात गुंडाळून ठेवलाय. रुंद पट्टीचा तो जुना व्हॉल्व्हही आणते, तुम्ही मागितला होतात.

तुमची,
समोरच्या गॅरेजातली