कॅमॅरोच्या नव्या रिअर अ‍ॅक्सलसाठी, काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांवर जीव असलेली आपली माणसं पुष्कळ आहेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

माझ्या २००१ च्या शेव्हरोले कॅमॅरो झेड-२८ चा, मागची चाकं फिरवणारा मूळ टेन-बोल्ट अ‍ॅक्सल रस्त्यावर कधी कुरकुरला नव्हता. पण ड्रॅग स्ट्रिपसाठी (छोट्या सरळ शर्यतीच्या ट्रॅकसाठी) चिकट टायर घ्यायचं मनात आल्यावर तुम्ही एका पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडलात. पहिल्या गिअरचा रेशो (गुणोत्तर) २.६६, अ‍ॅक्सल ३.४२, म्हणजे गुणाकाराने इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मागच्या चाकांपाशी नऊपटीहून जास्त. साधा टायर घसरतो आणि अ‍ॅक्सल वाचतो. टायर घसरेनासा झाला की सगळा धक्का आतल्या त्या लहान क्राउनवर (मोठ्या दातेरी चाकावर) आणि २८ स्प्लाइनच्या (खाचांच्या) शाफ्टवर. हाउसिंग (बाहेरचं कवच) किंचित लवतं, क्राउन पिनियनपासून (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरपासून) ढळतो, आणि भार दात्यांच्या थोड्याशाच भागावर येतो. अ‍ॅक्सल का तुटतो हे इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही फोर्डचा नाइन-इंच अ‍ॅक्सल सुचवलात. शेव्हीखाली (शेव्हरोलेखाली) प्रतिस्पर्धी फोर्डची घडण, आणि तीही मिशिगनमध्ये! गुणदोष दोन्ही सांगितलेत: पिनियनला आतल्या टोकालाही बेअरिंगचा आधार आहे, पण पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा बराच खाली असल्यामुळे दाते जास्त घासतात आणि थोडी ताकद उष्णतेत जाते. माझ्या वापराला ते परवडणारं होतं.

खरे आभार मात्र क्राउन-पिनियनच्या सेटिंगच्या त्या संध्याकाळींचे. अ‍ॅक्सलमधली अख्खी गिअरची पेटी टेबलावर, आणि पाना तुम्ही एकदाही हातात घेतला नाहीत. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) ०.००८ ते ०.०१० इंच, आणि तोही क्राउन फिरवत फिरवत ठिकठिकाणी मोजायचा, असा तुमचा आग्रह. दात्यांना पिवळा रंग लावून पाहिला तर दाते टेकल्याचा ठसा मुळाकडे आलेला. पिनियन जास्त आत आहे हे तुम्हाला तेव्हाच दिसलं असणार, पण माझ्या लक्षात येईपर्यंत तुम्ही काही बोलला नाहीत. मग पिनियन सपोर्टखाली जाड शिम (अंतर वाढवणारी चकती), पुन्हा बॅकलॅश, पुन्हा रंग. ठसा दात्याच्या मध्यावर आला तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत. त्या वाट पाहण्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. हातात घेऊन करून टाकणं तुम्हाला कितीतरी सोपं होतं.

टॉर्क आर्म आणि पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल जागेवर धरणारे दांडे), मापाने बनवून घेतलेला प्रोपेलर शाफ्ट, हे त्या मानाने लवकर झालं. अ‍ॅक्सलचा रेशो ३.७० केल्यामुळे स्पीडोमीटर जास्त वेग दाखवेल, कारण वेग मोजणारा सेन्सर अ‍ॅक्सलच्या आधी, गिअरबॉक्सवर आहे, हेही तुम्हीच आधी सांगितलंत. गाडीच्या संगणकात तो आकडा बदलून घेतला.

सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे हळू चालवून, मध्ये थंड होऊ देऊन, ५०० मैलांनी तेल बदललं. तेलात फक्त बारीक राखाडी गाळ होता, एकही कपची नाही. हायवेवर अ‍ॅक्सलचा आवाज येत नाही.

काकूंनाही नमस्कार. रात्री उशिरापर्यंत गॅरेजचा दिवा त्यांनी चालवून घेतला, आणि मला जेवल्याशिवाय कधी जाऊ दिलं नाही.

पुढे कुणी क्राउन-पिनियन बसवायला तुमच्याकडे आलं तर मला जरूर बोलवा. रंग लावायला आणि डायल इंडिकेटर (बॅकलॅश मोजायचं यंत्र) धरायला मी येईन.

तुमची,
कॅमॅरोवाली